जॅक रसेल टेरिअर, पाच महिने, फ्लॅट : चावते, भुंकते, हाक ऐकत नाही

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. जॅक रसेल टेरिअर मादी, वय पाच महिने, वजन ४ किलो, नाव लवंगी. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात आम्ही दोघं नोकरी करणारे, सासूबाई (वय ७१) आणि नऊ वर्षांचा मुलगा. अडचणी अशा :

१. संध्याकाळी सातनंतर अंगात आल्यासारखी घरभर धावते. सासूबाईंच्या साडीचा काठ आणि मुलाच्या टाचा धरते. "नको" म्हटलं की आणखी चेव येतो.
२. बेल वाजली की पाच-पाच मिनिटं भुंकते. शेजारच्यांनी दोनदा सांगून झालं.
३. शी बाहेर करते, पण शू दिवसातून एकदा तरी पायपुसण्यावर.
४. खाली खार किंवा मांजर दिसलं की हाक कानापर्यंत पोचतच नाही. घरात मात्र लगेच येते.

सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी एक तास चालवतो, तरी दमत नाही. आणखी किती चालवायचं?

वासाचा_माग

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आणखी चालवू नका, उलट कमी करा.

टेरिअरला दमवायला निघालेला माणूस स्वतः दमतो. रोज पावणेदोन तास चालवलेलं पिल्लू महिनाभरात तेवढ्याला सरावतं आणि मग त्याला सव्वादोन तास लागतात. तुम्ही घरात एक धावपटू तयार करताय. शिवाय पाच महिन्यांच्या पिल्लाची हाडं अजून वाढताहेत. सकाळी २५ मिनिटं आणि संध्याकाळी २५ मिनिटं पुरे, तीही सैल पट्ट्यावर, तिला हुंगायचं ते हुंगू देत. दर खांबाशी थांबली तर थांबू दे.

ही जात कशासाठी घडवली ते माहीत असलं की निम्मी कोडी सुटतात. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) कोल्ह्याच्या शिकारीचे शौकीन. १८१९ मध्ये ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून त्यांनी ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून आपली पैदास सुरू केली. काम असं, की कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत जायचं, अंधारात त्याच्यासमोर उभं राहून भुंकत राहायचं आणि त्याला बाहेर पडायला लावायचं. मालक वर जमिनीवर. काय करायचं ते आत गेलेल्या कुत्र्यानंच ठरवायचं. मेंढ्या राखणारा बॉर्डर कोली सतत धन्याकडे बघतो, कारण त्याचं काम धन्याच्या शिट्टीवर चालतं. टेरिअर बघत नाही, कारण बिळात बघायला कोणी नसायचं.

तेव्हा भुंकणं, उकरणं, हलती वस्तू धरून झटकणं आणि स्वतःच्या डोक्यानं निर्णय घेणं, हे बिघाड नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून पक्के केलेले गुण आहेत. ते काढून टाकता येत नाहीत. कुठे करायचे, कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचं, एवढं मात्र नक्की शिकवता येतं. आणि त्याहून आधी तिला स्वस्थ बसायला शिकवावं लागतं, कारण ते या जातीला उपजत येत नाही.

आता सातनंतरचा धिंगाणा. या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी १६ ते १८ तास झोप लागते. घरात दिवसभर कोणी ना कोणी ये-जा करत असेल तर लवंगीची झोप जेमतेम बारा-तेरा तास होत असणार. पेंगुळलेलं तान्हं मूल जसं किरकिर करतं, तसं पेंगुळलेलं पिल्लू चावतं. तिला त्या वेळी फिरायला नेलंत तर आगीत तेल. साधारण दीड-दोन तास जागी, मग तेवढीच झोप, असा दिवस लावा. क्रेट (कुत्र्याला झोपायचा जाळीचा पिंजरा) वापरा, लांबी ६० सेंटिमीटर पुरते, वर जुनी सुती चादर तीन बाजूंनी. संध्याकाळी पावणेसातला, धिंगाणा सुरू व्हायच्या आधी, आत पोकळ रबरी खेळणं द्यायचं. त्यात पाण्यात भिजवलेलं तिचं कोरडं खाणं आणि उकडलेला लाल भोपळा भरून चार तास फ्रीजरमध्ये ठेवलेलं. ते चाटण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि चाटता चाटता डोळे मिटतात. क्रेट शिक्षेसाठी कधीही वापरायचा नाही. ओरडून आत ढकललंत की दुसऱ्या दिवसापासून ती क्रेटजवळ फिरकणार नाही.

साडीचा काठ : तो जमिनीलगत हलतो, फरफटतो, ओढला की विरोध करतो. टेरिअरच्या लेखी त्यात आणि उंदरात फरक फार थोडा. सासूबाईंनी काठ मागे ओढला की रस्सीखेच सुरू झाली, आणि तीच तिला हवी होती. त्यांनी जागच्या जागी थांबायचं, हात छातीशी, बोलायचं नाही. सत्तरीतल्या माणसाकडून हे दर वेळी होणार नाही, म्हणून सहा ते नऊ या वेळात लवंगीच्या हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) दीड मीटरची हलकी दोरी घरातही लावून ठेवा. धरलं की तुम्ही दोरी उचलून तिला शांतपणे बाजूला न्यायचं. हॅंडलचा फास कापून टाका, नाहीतर टेबलाच्या पायात अडकतो. घरात लक्ष ठेवणारं कोणी नसेल तेव्हा दोरी काढायची.

आणि झटकायची हौस कुठेतरी फिटायला हवी. रस्सीखेच खेळा, रोज तीन-तीन मिनिटं दोनदा. रस्सीखेचीनं कुत्रं हिंस्र होतं हा समज चुकीचा आहे, नियम नसलेली रस्सीखेच मात्र तापदायक होते. नियम दोन. "घे" म्हटल्यावरच धरायचं. "सोड" म्हटल्यावर सोडायचं. "सोड" शिकवायची रीत : खेळ ऐन रंगात असताना खेळणं स्वतःच्या गुडघ्याशी घट्ट धरून एकदम निश्चल व्हा. ओढू नका, बोलू नका. मेलेल्या उंदराशी खेळण्यात मजा नसते. पाच-दहा सेकंदांत पकड ढिली होते. तोंड सुटलं, त्या क्षणी "घे" म्हणून खेळ पुन्हा सुरू. सोडण्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा मिळालेला खेळ. चार-पाच दिवसांनी तोंड सुटायच्या अर्धा सेकंद आधी "सोड" हा शब्द घाला. लोक शब्द आधी म्हणतात आणि दहा वेळा म्हणतात, तिथे गाडी फसते. दात कातडीला लागले की खेळ तीस सेकंद बंद, खेळणं पाठीमागे.

उकरायची सोय : ६० बाय ४० सेंटिमीटरचा, २० सेंटिमीटर खोल प्लास्टिकचा टब. त्यात जुन्या चादरीच्या पट्ट्या आणि कागदाचे बोळे, मधे तिच्या सकाळच्या जेवणाचा तिसरा हिस्सा पेरून. दहा मिनिटं उकरून, हुंगून झालं की ती स्वतःहून आडवी होते. अर्धा तास चालण्यानं जे साधत नाही ते यानं साधतं. कागद गिळत असेल तर फक्त कापड. कापडही गिळत असेल तर टब रिकामा करून त्यात पाच-सहा स्टीलच्या वाट्या उपड्या ठेवा, त्यातल्या दोन वाट्यांखाली खाऊ.

सतरंजी

वर सांगितलेलं सगळं पटलं. बेलेचं मी लिहिते, कारण ते "गप्प बस" म्हणून सुटत नाही. तुम्ही ओरडता ते तिला भुंकण्यात साथ दिल्यासारखं वाटतं. शिवाय तिच्या दृष्टीनं युक्ती दर वेळी यशस्वी होते. ती भुंकते आणि कुरिअरवाला निघून जातो.

आधी एक लहान सतरंजी ठरवा, दाराजवळ नाही, दार दिसेल अशा जागी, निदान तीन मीटर लांब.

पहिला आठवडा बेल नाहीच. सतरंजी अंथरा आणि गप्प उभ्या राहा. तिनं एक पंजा ठेवला तरी खाऊ सतरंजीवर, दोन पंजांच्या मधे. हातात नाही. हातात दिलात तर ती तुमच्याकडे येते, जागा लक्षात राहत नाही. तीन मिनिटांत वीस-पंचवीस दाणे, मग सतरंजी गुंडाळून वर. असं दिवसातून तीन-चारदा. आपणहून बसायला, मग आडवं व्हायला लागली की खाऊतलं अंतर वाढवा. पण चढत्या क्रमानं नको : २ सेकंद, ५, ३, ८, ४, १२, ६. दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायला लावलं तर कुत्र्याला खेळ कठीण होत जातोय एवढंच कळतं आणि ते उठून जातं.

दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या बेलेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. अगदी बारीक आवाजात वाजवा, लगेच सतरंजीवर खाऊ. क्रम महत्त्वाचा, आधी बेल, मग खाऊ. खाऊ आधी काढलात तर तिला पुडीचा आवाज कळेल, बेलेचा नाही. एका बैठकीत दहा वेळा. कान टवकारून ती सतरंजीकडे बघायला लागली की आवाज एक टप्पा वाढवा. भुंकली तर तुम्ही घाई केलीत, दोन टप्पे मागे. मग खरी बेल, मुलानं दाबलेली, दार न उघडता. मग दार उघडून मुलगाच आत. मग ओळखीचा शेजारी. अनोळखी माणूस सगळ्यात शेवटी. साधारण चार ते सहा आठवडे धरा.

या काळात खरी बेल वाजत राहिली तर शिकवलेलं रोज पुसलं जातं. बेलेचा स्विच बंद करा आणि दारावर चिठ्ठी लावा : "बेल बंद आहे, फोन करा." वॉचमनलाही सांगा. पुष्कळ कुत्री बेलेआधी लिफ्टच्या दाराच्या आवाजावरच सुरू होतात. तसं असेल तर तो आवाजही रेकॉर्ड करून याच रीतीनं घ्या. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके यांचीही हीच पद्धत, फक्त महिना-दीड महिना आधी सुरुवात करावी. फटाके सुरू झाल्यावर शिकवणी होत नाही.

आणखी एक, आपल्या भाषेचं. "बस" हा शब्द तुम्ही बसण्यासाठी वापरत असाल तर दिवसभरात ती "गप बस", "बस झालं", "बस आली का" हेही ऐकते आणि त्यावर काहीच घडत नाही. महिनाभरात "बस" चा अर्थ शून्य. तसंच "घे" आणि "ये" कुत्र्याच्या कानाला जवळजवळ सारखे. बसण्यासाठी "खाली", बोलावण्यासाठी "इकडे", असे वेगळे वाजणारे शब्द ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा आणि सासूबाईंसकट सगळ्यांनी तेच वापरा.

जुना_पैलवान

इतकं कशाला? वर्तमानपत्राची सुरळी करून एक दिली की आठवड्यात सुतासारखं सरळ. शू केली तिथे नाक घासायचं. पूर्वी सगळे असंच करायचे आणि कुत्री छान वागायची. हल्ली कुत्र्यांना डोक्यावर बसवतात.

वासाचा_माग

पैलवान, राग नसावा, पण या जातीवर तर हे अजिबात चालवू नका. कोल्ह्यानं तोंडावर चावा घेतला तरी मागे न हटणारं कुत्रं हवं म्हणून ही पैदास केली गेली. मार बसला की लॅब्राडोर बहुधा दबतो, टेरिअर अंगावर येतो. सुरळीचा दुसरा परिणाम उशिरा दिसतो. आधी कुत्रं गुरगुरतं, ते दडपलं जातं, आणि मग एक दिवस न गुरगुरता चावतं. गुरगुरणं ही त्याची नोटीस असते, ती फाडून टाकण्यात आपलाच तोटा. नऊ वर्षांचं मूल असलेल्या घरात तर फारच.

नाक घासण्यानं पिल्लू एवढंच शिकतं, की शू करताना माणूस जवळ नसावा. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, घरी आल्यावर करतं.

लवंगीच्या शूबद्दल : पायपुसणं मऊ, ओलावा शोषणारं, आधीच्या वासाचं. तिच्यासाठी ते शौचालयच. घरातली सगळी पायपुसणी सहा आठवडे उचलून ठेवा, अगदी बाथरूमसमोरचंसुद्धा. सांडलेली शू आधी कोरड्या कापडानं टिपून घ्या, मग एन्झाइम असलेला क्लीनर ओतून पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. फिनाईलनं आपल्या नाकाला वास जातो, तिच्या नाही. शिवाय पंजे चाटून ते पोटात जातं, आणि फिनाईलमधली रसायनं कुत्र्याला विषारी.

वेळ ठरवून बाहेर न्यायचं : उठल्या उठल्या, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ संपला की लगेच, आणि झोपण्याआधी. एरवी जागेपणी दर दोन-अडीच तासांनी. पाच महिन्यांचं पिल्लू झोपेत चार-पाच तास काढतं, जागं असताना तेवढं धरता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली जाईपर्यंत लिफ्टमध्ये होत असेल तर कडेवर घेऊन जा. ठरलेल्या जागी उभ्या राहा, पाच मिनिटं, फिरवू नका. शू संपली की दोन सेकंदांत खाऊ, तिथेच. घरी येऊन दिलेला खाऊ घरी आल्याबद्दलचा असतो. आणि शू झाल्यावर लगेच वर आणू नका, दहा मिनिटं हुंगू द्या. नाहीतर हुशार कुत्री शू लांबवतात, कारण शू केली की मजा संपते.

सलग दोन आठवडे एकही चूक नसेल तर एकेक पायपुसणं परत टाकायचं.

पंजा_डॉक्टर

पशुवैद्यकाच्या खुर्चीतून काही गोष्टी, शिकवणीशी जोडलेल्या.

पायपुसण्यावरची शू थोडी-थोडी आणि वारंवार होत असेल, करताना ती कुंथत असेल किंवा लघवीला रंग असेल, तर आधी लघवीची तपासणी. मादी पिल्लांत मूत्रमार्गाचा संसर्ग नेहमी दिसतो आणि तो शिकवून जात नाही.

हाक न ऐकण्याबाबत : या जातीत, विशेषतः जास्त पांढऱ्या कुत्र्यांत, जन्मजात बहिरेपण आढळतं. लवंगी घरात येते म्हणजे पूर्ण बहिरी नाही, पण एकाच कानानं ऐकणाऱ्या कुत्र्याला आवाज कुठून आला ते कळत नाही. मैदानात ते उलट्या दिशेला बघतं. ती दुसरीकडे बघत असताना पाठीमागून, हवेचा झोत किंवा जमिनीचा हादरा न लागता, किल्ल्या वाजवा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. एकाच बाजूला गोंधळत असेल तर दाखवा.

चावण्याबाबत : साडेतीन-चार महिन्यांपासून २८ दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे येतात. हिरड्या शिवशिवतात. ओलं करून पिळून गोठवलेलं सुती फडकं चघळायला द्या, पण समोर बसून. सुळ्याशेजारी जुना सुळा सात महिन्यांनंतरही तसाच असेल तर तो काढावा लागतो. लहान चणीच्या जातींत हे बरंच होतं.

टेरिअर म्हणजे उंदीर, आणि पुण्यात पावसाळ्यात उंदीर-घुशी म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेलं साचलेलं पाणी ती पिणार. लेप्टोची लस दिली आहे का ते कार्डावर बघा. पहिल्यांदा दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लागतात, नंतर दरवर्षी. इतर लसींतला शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण होण्याआधी दिलेला असेल तर डॉक्टरांशी बोला, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करू शकते. रेबीज तीन महिन्यांनंतर, आणि पुन्हा वर्षानं.

सोसायटीत उंदीर मारायचं औषध कुठे आणि कोणतं टाकलंय ते सेक्रेटरींना विचारून ठेवा. बहुतेक औषधं रक्त गोठू देत नाहीत आणि लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, फिक्या हिरड्या, सुस्ती, खोकला. खाल्ल्याची शंका आली तरी त्याच दिवशी न्या, पुडीसकट. जीवनसत्त्व के-१ वेळेत सुरू झालं तर कुत्रं वाचतं. मेलेला उंदीर तोंडात धरला तरी कळवा. पावसाळ्यात खडबडीत पाठीचा बेडूक धरून तोंडाला फेस आला तर वाहत्या पाण्यानं, डोकं खाली करून, तोंड दहा मिनिटं धुवा आणि घेऊन या.

गुळगुळीत फरशीवर वळणं घेत पळणं हे गुडघ्याच्या वाटीला वाईट. पळताना तीन पायांवर दोन-चार उड्या मारून पुन्हा नीट चालत असेल तर वाटी सरकते आहे, दाखवा. ती पळते त्या पट्ट्यात न घसरणाऱ्या सतरंज्या टाका. पुढे, साधारण तीन ते आठ वर्षांत, डोळा अचानक लाल झाला, मिटून घेतला तर रात्र काढू नका. या जातीत डोळ्यातलं भिंग निसटतं, आणि तसं झालं की वेळ तासांत मोजायची असते.

आणि कुणालाही दात लागून रक्त आलं, अगदी घरच्या लसवंत पिल्लाचे जरी असले, तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन माणसांच्या डॉक्टरांना विचारा.

तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. पायपुसणी आजच उचलली. तीन शंका. एक, आमच्या घरात मांसाहार नाही, अंडंही नाही. खाऊ म्हणून काय? बिस्किटं दिली की तिला जेवण नको असतं. दोन, खार-मांजराचं राहिलं. तीन, सकाळी झाडू मारायला मावशी येतात तेव्हा ती झाडूवर तुटून पडते. मावशी घाबरतात, काम सोडते म्हणाल्या.

वासाचा_माग

खाऊ : पनीर. हिशोब सांगतो. लवंगीला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात. खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ४० कॅलरी, म्हणजे जेमतेम १४ ग्रॅम पनीर. ऐकायला फार थोडं वाटतं, पण अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे केले तर शंभर होतात. तुकडा मोठा असण्यात काही लाभ नाही, तिला संख्या कळते, आकार नाही. पोट ढिलं झालं तर पनीर निम्मं करून गाजराचे तुकडे मिसळा. घरातल्या सोप्या कामांना तिचंच कोरडं खाणं, सकाळी मोजून डब्यात काढून ठेवलेलं. पनीर फक्त अवघड जागी. बिस्किटं बंद. पोळीचा तुकडा चालतो, पण खारीसमोर पोळीला कोण विचारतो? बेदाणे, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण अजिबात नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे लोक विसरतात.

खार आणि मांजर : हिला उघड्यावर मोकळं सोडायचं नाही हे आधी ठरवून टाका, दोन वर्षांची झाली तरी. उत्तम शिकलेला जॅक रसेलसुद्धा पळत्या मांजरामागे रस्ता ओलांडतो. आठ मीटरची लांब दोरी, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. गळपट्ट्याला कधीच नाही, धाव अडली की मानेला झटका बसतो. हातात दोरी गुंडाळू नका, तळव्याची साल जाते.

"इकडे" आधी घरात दोन मीटरवरून, मग जिन्यात, मग पहाटे रिकाम्या पार्किंगमध्ये, मग बागेत. जिथे शंभर रुपयांची पैज लावायची तयारी नसेल तिथे हाक मारूच नका, कारण न ऐकलेली प्रत्येक हाक शब्द बोथट करते. ती वळली की तुम्ही उलट दिशेला पळा. टेरिअरला पळत्या गोष्टीमागे धावायला आवडतं, तर ती पळती गोष्ट तुम्ही व्हा. पोचली की आधी हार्नेस पकडा, मग पनीर, मग कमरेला खोचलेलं रस्सीखेचीचं खेळणं अर्धा मिनिट, आणि "जा" म्हणून पुन्हा सोडा. दहापैकी नऊ वेळा पुन्हा सोडायचं. हाक म्हणजे घरी जायची वेळ, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं की संपलं. आंघोळीला, औषधाला "इकडे" म्हणून बोलवायचं नाही. त्यासाठी आपण चालत जाऊन उचलायचं.

खार दिसली आणि अजून धाव घेतली नाही, तो एक-दोन सेकंदांचा क्षण तुमचा. ती नुसती बघत असताना पनीर नाकाशी न्या आणि दोघी मिळून मागे वळा. एकदा धाव सुटली की हाक मारू नका, दोरीवर पाय ठेवा. मधला एक सोपा उपाय : खार झाडावर चढल्यावर बुंध्याशी पनीर विखरा आणि हुंगायला लावा, "शोध". शिकारीचा पहिला भाग तिला मिळतो, शेवटचा नाही, आणि बहुतेक दिवस तेवढ्यानं भागतं.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत सगळं विसरल्यासारखी वागेल. तेव्हा दोरी पुन्हा आखूड करायची आणि एक पायरी मागे जायचं. त्यात चिंता करण्यासारखं काही नाही.

सतरंजी

मावशींचं आधी, कारण मावशी गेल्या तर घरात लवंगीचा पक्ष घ्यायला कोणी उरणार नाही.

उद्यापासून मावशी येण्याआधी पाच मिनिटं लवंगी क्रेटमध्ये किंवा आतल्या खोलीत, भरलेलं खेळणं देऊन, दार बंद. झाडून-पुसून पूर्ण झाल्यावरच बाहेर. एकही दिवस अपवाद नको, झाडू धरण्यात मिळालेली मजा एका दिवसानं महिनाभर पुरते.

शिकवणी संध्याकाळी, मावशी नसताना, तुम्ही स्वतः करायची. झाडू जमिनीवर आडवा, निश्चल, लवंगी तीन मीटर लांब सतरंजीवर, दोरी नवऱ्याच्या हातात. झाडूकडे बघितलं की पनीर. दोन-तीन दिवसांनी झाडू उभा धरा. मग वीतभर हलवा आणि थांबा, पनीर. वीतभर म्हणजे वीतभरच. मग एक पूर्ण फटकारा, थांबा. मग दोन. आवाज न करणाऱ्या फुलझाडूनं सुरू करा, खराट्याचा खरखराट पुढच्या टप्प्यासाठी. ओल्या फडक्याचं सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. तिच्या मते ते वेगळं जनावर.

तीन आठवड्यांनी मावशींना विचारा, तयार असतील तर त्यांच्या हातात पनीरची वाटी द्या. झाडू भिंतीला टेकवून त्यांनी लांबूनच दहा तुकडे सतरंजीच्या दिशेनं टाकायचे. वाकून हातानं भरवायचं नाही, आणि लवंगी दोरीवरच.

सोसायटीसाठी महापालिकेचा परवाना आणि रेबीजचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा. कुत्रं पाळायला किंवा लिफ्ट वापरायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. पण भुंकण्याची तक्रार करणारे शेजारी रास्तच आहेत. त्यांना एकदा जाऊन सांगा, की शिकवणी चालू आहे, सहा आठवडे द्या, आणि बेलेच्या सरावाची वेळ त्यांनाच विचारून ठरवा. दुपारी दोन ते चार टाळा.